यादी तुझी, नाव माझं

शकू,

तुझ्या भावाचं कार्ड मंगळवारी शाळेत आलं. कोपरा फाडलेला होता, त्यामुळं वाचायच्या आधीच कळलं की कुणीतरी गेलं. तेरचा शिक्का बघून मला वाटलं, तुझी आई गेली असेल. आता तरी शकूला भेटायला जावं लागणार, आईच्या निमित्तानं का होईना, असंही मनात येऊन गेलं. मग कार्ड उलटं केलं. कावीळ झाली, आठ दिवसांत आटोपलं, असं बापूनं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती, 'ताई तुमची आठवण काढीत होती.'

सातवीच्या वर्गावर होते. कार्ड हजेरीपटात ठेवलं आणि व्यवहारी अपूर्णांकांचं उरलेलं गणित फळ्यावर सोडवलं. उत्तर बरोबर आलं. घरी येऊन दार लावलं, पण रडू आलं नाही. राग आला. आठ वर्षं मी तुझ्याशी एक भांडण भांडायची तयारी करत होते. काय बोलायचं, कशाच्या आधी काय बोलायचं, सगळं ठरलं होतं. आणि तू भांडण सुरू व्हायच्या आधीच उठून गेलीस.

म्हणून हे आता लिहून काढते आहे. तू मध्ये बोलणार नाहीस, एवढीच सोय.

आपण धाराशिवला मुलींच्या शाळेत एकाच आठवड्यात रुजू झालो. कागदावर उस्मानाबाद लिहायचं आणि तोंडानं धाराशिव म्हणायचं, असे ते दिवस होते. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, मराठी वर्ग भराभर निघत होते आणि चार इयत्ता शिकलेली बाई दिसली की शिक्षण खातं तिला मास्तरीण करत होतं. एका गल्लीत आपल्या दोघींना मिळून एक खोली मिळाली. बाबा मला पोचवायला तुळजापूरहून आले होते. तहसिलीतले कारकून ते, त्यांना माणसाची चौकशी केल्याशिवाय करमायचं नाही. त्यांनी तुला विचारलं, "गाव कोणतं?" तू म्हणालीस, "तेर." त्यांनी विचारलं, "आणि सासर?" तू चुलीत फुंकर घालता घालता म्हणालीस, "होतं."

जाताना बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेताबेतानं राहा." मी राहिले नाही. आठ दिवसांत तू मला सगळं सांगितलंस. नवऱ्यानं दुसरी आणली, तुला तेरला भावाच्या दारात आणून सोडलं, आणि तू तिथं रडत बसण्याऐवजी पुढच्या परीक्षा दिल्यास. सांगताना आवाज चढला नाही की उतरला नाही. वर्गात तू छापल्यासारखी शुद्ध बोलायचीस आणि खोलीवर आलीस की चपला काढाव्यात तशी ती भाषा दाराशी काढून ठेवायचीस. "लई झालं बाई शुद्ध बोलणं, जीभ आखडली," म्हणायचीस. मला तुझी ती दाराच्या आतली बोली फार आवडायची. ती माझ्यासाठी राखून ठेवलेली आहे, असं वाटायचं.

शनिवारी सकाळची शाळा असायची. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी तू म्हणालीस, "चल, जनाना खेळ हाय." मी तोवर तुळजापूरला नवरात्रात तंबूतले देवादिकांचे दोन सिनेमे आईच्या मांडीला मांडी लावून बघितले होते, तेवढेच. त्या दुपारी पत्र्याच्या थेटरात तू मला ओढत नेलंस. पुरुषांना मज्जाव. दारावर एक खाला बसलेली, तिच्याशी तू दख्खनीत बोललीस, "खाला, पंखे के नीचे दो जगा रखो ना." दारं लावली गेली, बुरखे वर झाले, पदर खांद्यावर आले, शेंगांच्या पुड्या सुटल्या, आणि सगळ्या गावच्या बायका पडद्यावरच्या बाईशी मोठमोठ्यानं बोलायला लागल्या. कुणी तिला जाऊ नको म्हणत होतं, कुणी सासूला शिव्या घालत होतं. पत्रा तापून डोक्यावर आला होता आणि मला जागचं उठावंसं वाटत नव्हतं. बाहेर आले तेव्हा उन्हानं डोळे दिपले. तू विचारलंस, "कसा वाटला?" मी म्हणाले, "चांगला होता." तू रस्त्यात थांबलीस. "चांगला म्हंजे काय? मुलीनं निबंधात असं लिहिलं तर तू गुण देशील का?"

तिथून ते सुरू झालं. पहिल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीआधी तू म्हणालीस, "तुला आवडलेले दहा सांग." मी आठवतील तसे सांगायला लागले. "आसं न्हाय. नंबर लावून. आणि प्रत्येकापुढं एक ओळ, का आवडला त्याची. मास्तरीण हायेस ना?" चाचणीच्या उरलेल्या पाठकोऱ्या कागदांवर आपण एकमेकींकडं पाठ करून बसलो, बघायचं नाही म्हणून. तू सिनेमांची खरी नावं कधी लिहिली नाहीस. "नावावरनं काय कळतंय? समद्यांची नावं सारखीच," म्हणायचीस. तुझ्या यादीत 'कुलपाचा' होता, 'तुरुंगातल्या आईचा' होता, 'रेल्वेतल्या चोराचा' होता. मग मलाही तीच सवय लागली.

दर दिवाळीला यादी. वर्षभरात नवे बघितलेले आत यायचे, जुने खाली सरकायचे, एखादा बाहेर जायचा आणि त्याच्यासाठी भांडणं व्हायची. तुझा पहिला नंबर तीन वर्षं हलला नाही. 'कुलपाचा'. मला तो सिनेमा सामान्य वाटला होता, गाणी वाईट, नायक लाकडी. मी तसं म्हणाले तर तू भाकरी थापायची थांबलीस. "त्यात ती बाई सोताच्या हातानं खोलीला कुलूप लावती आणि किल्ली कमरेला खोचती. बाकी पिच्चर भंगार हाय, कबूल. पण तेवढ्यासाठी एक नंबर." मग पुन्हा भाकरीला लागलीस. सासरी तुझ्या ट्रंकेला कुलूप लावायची मुभा नव्हती, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आठ दिवसांत सगळं सांगितलंस असं मी समजत होते, ते सगळं नव्हतं.

आणि 'चहाच्या मळ्यातला'. तो माझा एक नंबर आणि तुझा दहावा. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून ती घर सोडते, मळ्यात पानं खुडते, स्वतःचं पोट भरते, आणि शेवटी तो आजारी पडल्याचं ऐकून परत येते. तो तिचा हात धरतो, सिनेमा संपतो. मी त्या शेवटाला इतकी रडले होते की शेजारच्या बाईनं मला पाणी दिलं. तू कोरडी बसली होतीस.

"ती परत का गेली ते सांग," तू विचारायचीस.

"तो आजारी होता."

"मग डाक्टर बोलवावा. बायको कशाला?"

"अगं, त्याला पश्चात्ताप झाला. त्यानं माफी मागितली."

"कुठं मागितली? हात धरला. हात धरणं म्हंजे माफी व्हय?"

"तोंडानंच बोलायला पाहिजे असं आहे का?"

"व्हय," तू म्हणायचीस. "तोंडानंच."

"मग यादीत ठेवतेस कशाला?"

"पहिले दोन तास ती बाई चांगली हाय. यादीतनं काढलं तर तिला काढल्यासारखं हुईल."

हे भांडण आपण दोन वर्षं भांडलो. भाजी निवडताना, वह्या तपासताना, आडावर पाणी भरताना. मी कधी जिंकले नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तुझ्याशी हरण्यात मला जेवढं सुख होतं तेवढं पुढं कशात मिळालं नाही. माणसानं एखादी गोष्ट नीट बघावी, ती का आवडली ते स्वतःला विचारावं, आणि दुसऱ्याला वेगळी का आवडली ते ऐकून घ्यावं, हे मला ट्रेनिंगात कुणी शिकवलं नाही. तू शिकवलंस. ते मी नाकारत नाही. आज माझ्या वर्गातल्या मुली 'चांगला होता' एवढंच लिहीत नाहीत, ते तुझ्यामुळं.

आता त्या दिवसाकडं येते.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी. दिवाळी होऊन गेली होती, याद्यांची अदलाबदल झाली होती. तुझी यादी मी सहावीच्या वह्या तपासता तपासता वाचत होते आणि ती कुठल्याशा वहीत राहून गेली. ही चूक माझी. तेव्हाही कबूल केली, आताही करते. वही ज्या मुलीची, तिचे वडील कचेरीत कारकून. त्यांनी तो कागद वाचला. दहाव्या नंबरापुढं तू लिहिलं होतंस, 'नवऱ्याला सोडून जाते ते योग्यच. परत यायला नको होती.' ते गृहस्थ कागद घेऊन थेट मोठ्या बाईंकडं आले.

मोठ्या बाईंनी आपल्या दोघींना खोलीत बोलावलं. ते गृहस्थ खुर्चीवर बसले होते, टोपी मांडीवर. म्हणाले, "आम्ही मुलींना शाळेत धाडतो ते हे शिकायला का? मास्तरणी सिनेमाला जातात, वर हे उपदेश लिहून मुलींच्या वहीत ठेवतात." मोठ्या बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

मी तुझ्याकडं बघितलं. माझ्या मनात एवढंच होतं की तू आता 'माझं' म्हणशील, मग मी म्हणेन, 'वहीत राहिलं ते माझ्या हातून,' आणि जे काही बोलून घ्यायचं ते दोघी मिळून घेऊ. मला भीतीसुद्धा वाटत नव्हती.

तू म्हणालीस, "ते अक्षर माझं नाही. मी सिनेमाला जात नाही."

शुद्ध बोललीस. 'न्हाय' नाही, 'नाही'. वर्गातल्या भाषेत. मला आजही आधी तेच ऐकू येतं.

मोठ्या बाईंनी माझ्याकडं वळून विचारलं, "मग विमलबाई, तुमचं?" मी काही बोलले नाही. नाही म्हणाले असते तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं. हो म्हणायला जीभ उचलली नाही. मी गप्प राहिले, आणि गप्प राहण्याचा त्यांनी जो घ्यायचा तो अर्थ घेतला. त्यांना अक्षर ताडून बघता आलं असतं. तुझं अक्षर शेजारच्या वर्गाच्या फळ्यावर होतं, पुसलेलंसुद्धा नव्हतं. त्या उठल्या नाहीत. एका मास्तरणीवर भागत असेल तर दोघी कशाला, असं त्यांना वाटलं असेल.

खोलीवर आल्यावर मी तुला विचारलं, "असं का केलंस?"

तू पातेलं घासता घासता म्हणालीस, "वही तुझ्या वर्गाची. कागद तुझ्या हातनं गेला."

"पण यादी तुझी होती."

"व्हय, माझी होती. आणि मी कोण हाय? टाकलेली बाई. टाकलेल्या बाईनं नवऱ्याला सोडणं योग्य हाय असं लिहिलं म्हंजे काय हुईल, तुला कळतंय का? तुझी बदली करतील. मला काढून टाकतील. तुला बाप हाय, तुळजापूरला घर हाय. मला ही नोकरी गेली की पुन्ना भावजयीच्या चुलीपुढं."

"मग मला आधी सांगायचं. बाहेर व्हरांड्यात पाच मिनिटं उभ्या होतो आपण. म्हणायचं होतं, विमल, एवढं तुझ्यावर घे. मी घेतलं असतं."

तू माझ्याकडं बघितलंस. मग पातेलं पालथं घातलंस आणि आडावर निघून गेलीस.

शकू, मी तुझं संकट समजू शकत होते. तेव्हाही समजत होते. जे मी दिलं असतं ते तू माझ्या हातातनं ओढून घेतलंस, तेही परक्या माणसासमोर, हे मला समजलं नाही. आठ वर्षं मी याच एका वाक्यावर उभी आहे. मागितलं असतंस तर दिलं असतं.

पुढचं तुला थोडं माहीत आहे, सगळं नाही. सर्व्हिस बुकात शेरा पडला. भूमला बदली झाली. बाबांच्या कचेरीत ती गोष्ट माझ्या आधी पोचली होती. ते मला काही बोलले नाहीत, पण मोडावर, मोटारी थांबायच्या तिथं, माझी ट्रंक गाडीत चढवताना त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कुणी ओळखीचं आहे का म्हणून. लातूरच्या एका मास्तरांकडं माझी बोलणी चालली होती, पत्रिका जुळून दोन महिने झाले होते. त्यांचं पत्र आलं की पत्रिका जुळत नाही. मी लग्न केलं नाही याचं सगळं खापर तुझ्यावर फोडत नाही. पण ते पत्र मी वाचलं तेव्हा तू धाराशिवला माझ्या जागी दुसरी सोबतीण घेऊन त्याच खोलीत राहत होतीस, हे मला ठाऊक होतं.

भूमला पहिलं वर्ष मी कुणाशी फारसं बोलले नाही. आठवड्याचा बाजार, शाळा, आणि कोरडं माळरान. थंडीत तंबू यायचा, मी गेले नाही. आणि मग दिवाळीच्या आधी टपालानं एक पाकीट आलं. आत तुझी यादी. दहा नंबर, दहा ओळी. पत्र नाही, खुशाली नाही, एक अक्षर जास्तीचं नाही. जणू मी पाठमोरी बसले आहे आणि तू लिहून संपल्यावर कागद पुढं केला आहेस.

तो कागद मी चुलीत घातला. दुसऱ्या वर्षीचा फाडला. तिसऱ्या वर्षीचा वाचला, कारण हातानं आधी उघडला आणि डोक्याला मग कळलं. चौथ्या नंबरापुढं लिहिलं होतंस, 'कमलबाईंबरोबर बघितला. त्यांनाही आवडला.' त्या कमलबाई कोण, मला माहीत नाही. पण मोठ्या बाईंच्या खोलीत तू जे बोललीस त्याच्याइतकंच मला हे लागलं. तू थेटर सोडलं नव्हतंस. 'मी सिनेमाला जात नाही' म्हणालेली बाई दर शनिवारी पंख्याखाली बसत होती, आणि जी खरंच जायची बंद झाली ती मी.

पण दहावा नंबर बघितल्याशिवाय मला राहवलं नाही. 'चहाच्या मळ्यातला'. पुढं ओळ, 'अजून यादीत हाय. शेवट अजून चुकीचाच हाय.' मी एकटीच खोलीत बसून तुला उत्तर दिलं. मोठ्यानं. म्हणाले, हात धरणं म्हणजे माफी व्हय, असं विचारणारी तू. मग याद्या पाठवणं म्हणजे माफी व्हय? हे पत्रात लिहायला पाहिजे होतं. लिहिलं नाही. तू तोंडानं बोलेपर्यंत मी लिहिणार नाही, असं ठरवलं होतं.

आणि एकदा तू आलीसही. शिक्षिकांचं शिबिर होतं, भूमला तीन दिवस. तू माझ्या शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिलीस. मी वर्गाच्या खिडकीतनं बघितलं. केस कपाळापाशी पांढरे झाले होते, रांजणातलं पाणी पीत होतीस. मी शिपायाला सांगितलं, बाई वर्गावर आहेत म्हणून सांग. मी खरंच वर्गावर होते. तास संपला तरी वर्गावरच राहिले, पुढच्या तासाच्या बाईंना परत पाठवलं. तू तासभर थांबून गेलीस. त्या दिवशी तू तोंडानं बोलणार होतीस का, हे आता मला कधीच कळणार नाही. तेवढं मात्र माझ्या हातनं झालं.

शनिवारी मी तेरला गेले. दोन गाड्या बदलाव्या लागल्या. तुझ्या घराचं दार मी कधी बघितलं नव्हतं, विचारत विचारत गेले. ओसरीवर शेजारपाजारच्या बायका बसल्या होत्या. बापूनं मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर उठून उभा राहिला आणि सगळ्यांना म्हणाला, "ह्या विमलबाई. भूमच्या." बायकांनी सरकून जागा केली. एक म्हणाली, "ह्यांनीच न्हवं का शकूताईचं सोतावर घेतलं ते?"

मला कळलं नाही. मी बापूकडं बघितलं.

तो म्हणाला, "ताई समद्यांस्नी सांगायची. तुमी आपणहून मोठ्या बाईंच्या म्होरं उभ्या ऱ्हायला आणि म्हनला, यादी माझी हाय, शकूचा काय संबंध न्हाय. ताई आडवायला लागली तर तिचा हात दाबला. बदली सोसली, पर तिचं नाव घेतलं न्हाय." त्याचे डोळे भरून आले. "तुमच्यामुळं तिची नोकरी ऱ्हायली. माझी पोरं शिकली ती तिच्या पगारावर."

बायका माझ्याकडं बघत होत्या. एकीनं माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतला, तेही त्यांना नम्रपणा वाटला. शकू, त्या क्षणी मला तिथनं पळून जावंसं वाटलं. माझं चांगलं नाव तू एकदा काढून घेतलंस, ते मी सोसलं. इथं तर तू माझी हकीकतच घेतली होतीस. जे मी केलं नाही ते माझ्या नावावर घालून, गावभर वाटून, तू निवांत गेली होतीस.

बायका उठून गेल्या. बापू पाणी आणायला गेला. ओसरीवर मी आणि तुझी आई राहिलो. त्या घोंगडीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, दम्यानं बोलताना थांबत होत्या. मला वाटलं, या बाईला तरी खोट्यात ठेवून जायचं नाही.

मी म्हणाले, "आई, ते खरं नाही. मी आपणहून काही केलं नाही. शकूनं सांगितलं, यादी तिची नाही. मी नुसती गप्प राहिले."

त्या दचकल्या नाहीत. "ठावं हाय मला," म्हणाल्या.

"शकूनं सांगितलं?"

"तिनं न्हाय. पर ती सांगायची तवा दर येळी जरा येगळं सांगायची. कवा हात दाबला म्हनायची, कवा डोळ्यानं खुणावलं म्हनायची. खरं आसतं तर एकसारखं सांगितलं आसतं."

"मग तुम्ही तिला काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? तसं झालं आसतं तर बरं हुतं, आसं तिला वाटतंय, म्हून सांगतीया. म्या ऐकायची."

मला रडू फुटलं. कार्ड आल्यापासून पहिल्यांदा. मी म्हणाले, "आई, मला तिनं विचारायचं होतं. एकदा विचारलं असतं तर मी घेतलं असतं स्वतःवर. हे सगळं खरंच झालं असतं."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता, मायाही नव्हती. हिशेबी बाईनं बाजारात माल बघावा तसं बघितलं.

"खरंच घेतलं आसतं व्हय, इमल?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. आठ वर्षं तेच उत्तर तयार होतं. पण तोंड उघडल्यावर मला मोडावर इकडंतिकडं बघणारे बाबा दिसले. त्या वर्षी मी सत्तावीस वर्षांची होते, पत्रिका जुळली होती, लातूरच्या घरासाठी मनातल्या मनात पडदे शिवत होते. तू व्हरांड्यात माझा हात धरून म्हणाली असतीस, विमल, एवढं तुझ्यावर घे, तर?

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मग तिला तरी कसं म्हाईत आसावं?" आई म्हणाल्या. आणि आत सुनेला हाक मारून माझ्यासाठी ताट करायला सांगितलं.

मी जेवले. वांग्याची भाजी होती, तुझ्या हातच्यासारखी तिखट. संध्याकाळच्या गाडीनं परत निघाले.

आता चार दिवस झाले. तू सांगितलेली ती गोष्ट माझ्या डोक्यातनं जात नाही. चांगली आहे. तिच्यातली विमल धीट आहे, उदार आहे, एका शब्दात मैत्रिणीसाठी उभी राहते. ती विमल तू तयार केलीस आणि इतकी वर्षं तिच्याशी मैत्री ठेवलीस. माझ्याशी ठेवायची तर तुला एकदा खरं बोलावं लागलं असतं, आणि मला एकदा वर्गाबाहेर यावं लागलं असतं.

मी तुला माफ केलेलं नाही. तुझी आई काही म्हणो. ज्या वाक्यावर मी आठ वर्षं उभी होते ते वाक्यसुद्धा आता माझ्या पायाखाली राहिलेलं नाही, आणि त्याचाही मला तुझ्यावरच राग येतो. कदाचित मी नाही म्हणाले असते. कदाचित तुझा हात सोडवून घेऊन मोठ्या बाईंना सांगितलं असतं, अक्षर शकुंतलाबाईंचं आहे. तसं झालं असतं तर आज मान खाली घालून मी बसले असते आणि राग तू धरला असतास.

तरी विचारायचं होतंस, शकू.